‘गो अराउंड, कॅप्टन’ : मंगळूरच्या विमान अपघाताचं प्रकरण

२२ मे २०१० ची पहाट. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान सहा वाजून गेल्यावर मंगळूरच्या बजपे विमानतळावर उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पलीकडच्या दरीत जाऊन पेटलं. विमानात १६० प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. त्यातले १५८ जण गेले, फक्त ८ प्रवासी वाचले. मेलेल्यांत बहुतेक दक्षिण कन्नड आणि कासरगोड भागातली माणसं होती. आखातात राबणारी, सुट्टीवर घरी निघालेली, काही बायकामुलांसह. काही मृतदेहांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही.

पाऊस नव्हता. दृश्यमानता ६ किलोमीटर होती, वारा जवळजवळ पडलेला होता. विमान बोइंग ७३७-८००, कंपनीकडे येऊन अडीच वर्षंही झाली नव्हती. अपघाताला कारण ठरेल असा कोणताही बिघाड त्यात सापडला नाही. कॅप्टनच्या खात्यावर दहा हजारांहून जास्त तासांचं उड्डाण होतं, तर शेजारच्या फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या (को-पायलटच्या), खात्यावर साडेतीन हजारांहून जास्त. दोघांनाही मंगळूरची धावपट्टी परिचयाची होती. फर्स्ट ऑफिसर तर इथे कॅप्टनपेक्षा कितीतरी अधिक वेळा उतरलेला होता.

म्हणून हे प्रकरण ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलं गेलं, आणि चौकशीचा मुख्य निष्कर्षही तोच आहे. पण या अपघातातली गोष्ट अशी की चूक होत असताना ती ओळखणारा माणूस कॉकपिटमध्येच बसलेला होता. त्याने ती वेळेवर ओळखली, नेमक्या शब्दांत आणि एकदा नव्हे, तीनदा सांगितली. तरी विमान खाली गेलं. हे कसं झालं, ते समजून घेण्यासाठी हे प्रकरण सविस्तर वाचावं असं मला वाटतं.

झोपेतले एक तास चाळीस मिनिटं

हे कर्मचारी आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास मंगळूरहून दुबईला गेले होते. तिथे दीड तासाच्या आत विमान पुन्हा भरलं आणि भारतीय वेळेनुसार रात्री अडीचनंतर परत निघालं. मध्यरात्र उलटल्यावर, साधारण दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सगळ्यात मंदावलेलं असतं. विमान वाहतुकीच्या शास्त्रात या वेळेला वेगळं नाव आणि वेगळे नियम आहेत. परतीचा जवळजवळ सगळा प्रवास याच वेळात होता.

कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्रावर शेवटची दोन तास पाच मिनिटं सापडली. त्यातल्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टनचं बोलणं नाही. अधूनमधून खोल श्वासाचा आणि हलक्या घोरण्याचा आवाज आहे. रेडिओवर बोलतो आहे तो एकटा फर्स्ट ऑफिसर.

इथे बातमी वाचणारा माणूस चिडतो, आणि ते साहजिक आहे. पण नुसतं झोपणं हा इथला मुद्दा नाही. लांबच्या रात्रीच्या उड्डाणांत वैमानिकांना थोडा वेळ झोपू दिलं तर पुढची सतर्कता वाढते, हे नासाने १९९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. त्या अभ्यासात वैमानिकांना ४० मिनिटांची सवड दिली होती आणि ते सरासरी २६ मिनिटं झोपले. अशी डुलकी ठरवून, सहकाऱ्याला सांगून, मर्यादेत घ्यायची असते आणि विमान खाली उतरवायला लागण्याच्या बरंच आधी जागं व्हायचं असतं. दीड तासाहून लांबलेली झोप ही गाढ झोप असते. त्यातून उठलेल्या माणसाचे डोळे उघडतात, तो बोलायलाही लागतो, पण त्याची निर्णयशक्ती काही वेळ पूर्ण जागेवर आलेली नसते.

दोन तास पाच मिनिटांतून एक तास चाळीस मिनिटं वजा केली तर उरतात पंचवीस मिनिटं. उंचीवरून खाली येणं, वेग कमी करणं, धावपट्टीच्या रेषेत येणं, उतरण्याआधी दोघांनी बसून करायची उजळणी, हे सगळं या पंचवीस मिनिटांत बसवायचं होतं. उजळणी हवी तशी झाली नाही.

जास्त उंची, कमी अंतर

त्या दिवशी मंगळूरचं रडार बंद होतं. २० मेपासून ते नादुरुस्त होतं. रडार नसलं की नियंत्रकाला विमानं पडद्यावर दिसत नाहीत. मग तो वैमानिकांनी कळवलेल्या अंतर-उंचीवर भिस्त ठेवून दोन विमानांमध्ये मोकळी जागा राखतो, आणि त्यासाठी विमानांना जास्त वेळ वर थांबवतो. फर्स्ट ऑफिसरने खाली यायची परवानगी लवकर मागितली होती, पण ती मिळाली तेव्हा विमान ३७,००० फुटांवर होतं आणि विमानतळ जेमतेम ७७ सागरी मैलांवर आला होता.

वैमानिकांचा एक ढोबळ हिशोब असतो : हजार फूट उतरायला तीन मैल. ३७,००० फुटांसाठी एकशे अकरा मैल लागतात, शिवाय वेग कमी करायला थोडं अंतर वेगळं. म्हणजे सुरुवातीपासूनच हे विमान ‘उंच’ होतं. यात संकट असं काही नव्हतं, असं रोज कुठे ना कुठे होतं. स्पीडब्रेक (पंखांवरच्या, हवा अडवणाऱ्या झडपा) उघडून, वेग आणि उंची यांचा मेळ सतत तपासत विमान खाली आणता येतं. फारच उंच राहिलं तर एक चक्कर मारून उंची घालवायची, नियंत्रकाला तसं सांगायचं. मात्र त्यासाठी आधी बसून आकडे मांडावे लागतात. चौकशी अहवालाने रडार बंद असल्याची नोंद घेतली, आणि त्याच मुद्द्यात कर्मचाऱ्यांनी उतरण्याचं नियोजन नीट केलं नाही हेही नोंदवलं.

विमान लवकर खाली यावं म्हणून ८,५०० फुटांच्या आसपासच चाकं बाहेर काढली गेली, स्पीडब्रेक उघडेच होते. तरीही उंची पुरेशी घटली नाही. आणि यानंतर जे घडलं ते तांत्रिक असलं तरी समजून घेण्यासारखं आहे.

धावपट्टीजवळचा एक अँटेना तिरक्या रेषेत रेडिओ लहरी सोडतो. ही रेषा जमिनीशी साधारण तीन अंशांचा कोन करते. विमान त्या रेषेवर आलं की कॉकपिटमधला काटा मधोमध येतो, ऑटोपायलट ती रेषा पकडतो आणि विमान उताराने खाली येतं. पण या अँटेनाच्या लहरींतून वरच्या बाजूला खोट्या रेषाही तयार होतात, आणि त्यातली पहिली साधारण दुप्पट कोनावर असते. खालून येणाऱ्या विमानाला खरी रेषा आधी भेटते, म्हणून एरवी ही खोटी रेषा कुणाच्या वाट्याला येत नाही. वरून येणाऱ्या विमानाला ती आधी लागते. मंगळूरला तेच झालं. काटा मधोमध दिसत होता, ऑटोपायलट इमानदारीने रेषा धरून चालला होता, आणि विमान हव्या त्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं.

हे ओळखायची पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक मैलाला साधारण तीनशे फूट उंची उरायला हवी. अंतर वाचायचं, गुणायचं, उंचीच्या आकड्याशी ताडून पाहायचं. ताज्या डोक्याच्या माणसाला त्याला दोन सेकंद लागतात.

शेवटचं मिनिट

धावपट्टी अडीच मैलांवर आली तेव्हा फर्स्ट ऑफिसर म्हणाला की आपण फार उंच आहोत, धावपट्टी सरळ खाली आहे. कॅप्टनच्या तोंडून ‘ओ माय गॉड’ निघालं. त्याने ऑटोपायलट काढला आणि विमानाचं नाक खाली घातलं.

त्या वेगाने अडीच मैल म्हणजे जेमतेम एक मिनिट. पुढचं सगळं या एका मिनिटातलं आहे.

स्थिर विमान अशा वेळी मिनिटाला सातशे-आठशे फुटांनी उतरत असतं. हजाराच्या वर गेलं की प्रयत्न सोडून द्यायचा असा दंडक आहे. हे विमान मिनिटाला जवळजवळ चार हजार फुटांनी खाली येऊ लागलं. कॉकपिटमधलं यंत्र ‘सिंक रेट’ (फार वेगाने खाली येताय) आणि ‘पुल अप’ (वर घ्या) असे इशारे देऊ लागलं. फर्स्ट ऑफिसरने ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं. पहिल्यांदा विचारल्यासारखं. कॅप्टनचं उत्तर चुकीच्या लोकलायझरबद्दल (धावपट्टीची दिशा दाखवणारी रेडिओ रेषा) आणि ग्लाइड पाथबद्दल (वर सांगितलेली उताराची रेषा) होतं. म्हणजे काय बिघडलं हे त्याच्या लक्षात आलेलं होतं, पण आता काय करायचं याकडे तो वळलाच नाही. मग फर्स्ट ऑफिसर म्हणाला, ‘गो अराउंड, कॅप्टन’, आणि लगेच ‘अनस्टॅबिलाइज्ड’.

वैमानिकाच्या भाषेत याहून नेमकं बोलताच येत नाही. पहिल्या वाक्यात काय करायचं ते आलं, दुसऱ्या शब्दात का करायचं ते आलं.

मधेच टॉवरने विचारलं, आयएलएसच्या (या दोन्ही रेषा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) रेषेवर आहात ना? कॅप्टनने फर्स्ट ऑफिसरला जोर देऊन ‘होकार दे’ असं सांगितलं, आणि उतरण्याची परवानगी मिळाली. मला हा क्षण फार बोचतो. जो माणूस नुकताच ‘आपण स्थिर नाही’ म्हणाला होता, त्याच्याच तोंडून टॉवरला ‘आहोत’ असं वदवलं गेलं.

विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावरून साधारण २०० फुटांवर गेलं, जिथे ५० फूट हवे असतात. वेगही ठरलेल्या १४४ नॉटऐवजी १६० च्या वर होता. धावपट्टी ८,०३३ फुटांची. विमान खऱ्या अर्थाने टेकलं ते ५,२०० फुटांच्या आसपास. समोर अठ्ठावीसशे फूट उरले होते.

आणि तरीही विमान वाचलं असतं. बोइंगने नोंदींवरून जो हिशोब मांडला त्यानुसार, टेकताक्षणी पूर्ण जोर लावून ब्रेक मारले असते आणि रिव्हर्स, म्हणजे इंजिनांचा उलटा जोर, तसाच ठेवला असता तर विमान धावपट्टीवरच थांबलं असतं. थ्रस्ट रिव्हर्सर उघडले गेले, ब्रेकही सुरू झाले. मग काही सेकंदांनी कॅप्टनने ते सोडून पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. रिव्हर्सर एकदा उघडले की उतरणं पूर्णच करायचं, हा बोइंगचा पक्का नियम आहे, कारण इंजिनांना पुन्हा पुढचा जोर घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात धावपट्टी संपते. जो गो अराउंड फर्स्ट ऑफिसर मागत होता तो कॅप्टनने केला, पण जिथे तो करायलाच नको होता तिथे. ‘धावपट्टी उरली नाही’ अशा अर्थाचे फर्स्ट ऑफिसरचे शब्द नोंदले गेले आहेत.

धावपट्टीच्या टोकापलीकडे लोकलायझरचा अँटेना काँक्रीटच्या आधारावर उभा होता. उजवा पंख त्याला आदळला, विमान कुंपण तोडून दरीत गेलं.

हात का हलला नाही

केंद्र सरकारने नेमलेल्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचं प्रमुखपद एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होतं. हवाई दलाचे हे माजी उपप्रमुख पुण्याचे. अहवाल २०१० च्या अखेरीस आला. थेट कारण म्हणून त्यात नोंदलं आहे : फर्स्ट ऑफिसरने तीन वेळा गो अराउंड सांगूनही आणि यंत्राचे अनेक इशारे मिळूनही कॅप्टनने अस्थिर अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) सोडून न देणं आणि उतरण्यावर अडून राहणं. साहाय्यक कारणांत लांबलेली झोप आहे, बंद रडार आणि फसलेलं नियोजन आहे. आणि तिसरं कारण असं : को-पायलटने गो अराउंड सुरू करण्याबद्दलच्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती, बहुधा त्यामुळे फर्स्ट ऑफिसर सांगत राहिला, पण त्याने नियंत्रण हाती घेतलं नाही.

बातम्यांत झोप गाजली. हे तिसरं कारण वाचून पुढे गेलेले लोकच जास्त. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

फर्स्ट ऑफिसरने काय करायला हवं होतं? ७३७ मध्ये थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यांवर, टोगाची (गो अराउंडची) कळ असते. दोन्ही खुर्च्यांवरून हात पोचतो. ती दाबायची, ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं, नाक वर घ्यायचं. विमान चढलं असतं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा येऊन उतरलं असतं. हवा चांगली होती, इंधनाची चणचण नव्हती.

आता त्याच्या खुर्चीत बसून पाहा. शेजारचा माणूस वयाने पंधरा वर्षांनी मोठा, अनुभवाने तिप्पट, आणि विमानाचा कायदेशीर प्रमुख. तो जागा आहे, बोलतो आहे, त्याचे हात कंट्रोलवर आहेत. बेशुद्ध कॅप्टनकडून विमान घेणं हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. जागा असलेल्या, हट्टाला पेटलेल्या कॅप्टनकडून ते हिसकावून घ्यायचं तर जमिनीपासून काही शे फुटांवर दोन माणसं एकाच विमानाला दोन दिशांना ओढू लागण्याचा धोका आहे. दोनशे फुटांवर ते करणं खरोखरच भयंकर ठरू शकतं. करायचं होतं ते अडीच मैलांवर, ‘ओ माय गॉड’ ऐकल्याबरोबर. म्हणजे आयुष्यातला हा एवढा मोठा निर्णय काही सेकंदांत घ्यायचा, आणि तो बरोबर ठरला तर अपघात होणारच नाही. मग आपण बरोबर होतो याचा पुरावा काय देणार? उरेल फक्त ‘फर्स्ट ऑफिसरने विनाकारण कॅप्टनच्या हातून विमान घेतलं’ ही तक्रार. कंपनीचं पुस्तक अशा वेळी ठामपणे पाठीशी उभं असेल तरच माणसाचा हात पुढे होतो. इथे ते पुस्तकच गोंधळलेलं होतं, आणि हे मी म्हणत नाही, चौकशीचा अहवाल म्हणतो.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ‘मी सांगितलं होतं’ इथे आपली जबाबदारी संपते, असं घरी, शाळेत, कचेरीत, रुग्णालयात आपण शिकत आलो. वरिष्ठाला एकदा सांगितलं तर धीट म्हणायचं, दोनदा सांगितलं तर फारच. त्यापुढे काही करणं म्हणजे उद्धटपणा. या शिकवणुकीत वाढलेल्या माणसाला तीनदा स्पष्ट सांगणं हीच धैर्याची परिसीमा वाटली असेल, तर मी त्याला दोष देऊ शकत नाही. एअर मार्शल गोखल्यांच्या अहवालाने तो दोष व्यवस्थेकडे वळवला, याबद्दल मला त्या अहवालाविषयी आदर आहे.

ही समस्या भारताची एकट्याची नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली. धुक्यात केएलएम या डच कंपनीचं विमान सुटलं तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना? कॅप्टन कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षकांपैकी एक. त्यांनी ठामपणे होकार दिला आणि प्रश्न तिथेच संपला. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, कनिष्ठाने हरकत कशी घ्यावी, याचं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांत सुरू झालं. त्याला सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात. मंगळूरच्या फर्स्ट ऑफिसरने त्यातलं ‘बोलणं’ पूर्ण पार पाडलं होतं.

धावपट्टीबद्दल थोडं

बजपेची ही धावपट्टी टेबलटॉप आहे. डोंगरमाथा सपाट करून केलेली, टोकाला उतार. त्यामुळे अपघात घडला नाही, पण तो इतका जीवघेणा ठरला याचं हे मोठं कारण आहे. टोकापलीकडची सुरक्षित जागा ९० मीटरची होती, आंतरराष्ट्रीय शिफारस २४० मीटरची आहे. सपाट मुलखातल्या एखाद्या विमानतळावर हेच विमान शेतात घुसून मोडलं असतं, आणि माणसं उतरून पळाली असती. अहवालाने टेबलटॉप टाळावेत, सुरक्षित जागा वाढवावी, अँटेनाचे आधार आदळताच मोडतील असे करावेत, अशा शिफारशी केल्या. विमान अपघातांची चौकशी नियामक संस्थेपासून वेगळ्या यंत्रणेने करावी हा विचारही त्यानंतर बळावला, आणि २०१२ मध्ये एएआयबी (एअरक्राफ्ट अॅक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो) ही वेगळी संस्था स्थापन झाली.

नुकसानभरपाईचे खटले मात्र दहा वर्षं चालले. एका कुटुंबाला ७.६४ कोटी रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो मे २०२० मध्ये.

७ ऑगस्ट २०२०

त्या निकालानंतर तीन महिन्यांच्या आत, तीच कंपनी, तसंच बोइंग ७३७-८००, पुन्हा दुबईहून, पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. या वेळी कोळिकोड. पाऊस जोरात होता, वारा पाठीमागून होता, पहिला प्रयत्न सोडून विमान दुसऱ्या बाजूने उतरायला आलं होतं. कॅप्टन हवाई दलातून आलेले, मोठ्या अनुभवाचे मराठी वैमानिक. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर निम्मी धावपट्टी गेल्यावर टेकलं आणि टोकावरून खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. आग लागली नाही म्हणून १९० पैकी बाकीचे वाचले.

एएआयबीचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संभाव्य कारण म्हणून त्यात लिहिलं आहे की कॅप्टनने अस्थिर अप्रोच चालू ठेवला आणि शेजारच्या वैमानिकाने ‘गो अराउंड’ सांगूनही विमान पुढे उतरवलं, आणि त्या शेजारच्या वैमानिकाने नियंत्रण हाती घेतलं नाही. कंपनीतले व्यवस्थात्मक दोषही त्यात नोंदले आहेत, आणि कॉकपिटमधल्या अधिकाराच्या तीव्र उताराचा, म्हणजे वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातल्या मोठ्या अंतराचा, उल्लेख आहे. कोळिकोडला विमान पडलं तेव्हा मंगळूरच्या अहवालात ‘संदिग्ध सूचना’ असं लिहून दहा वर्षं होत आली होती.